उंचावरचं अवघड दुखणं

११ फेब्रुवारी

ताई,

'प्रिय' लिहिलेलं नाही, कारण ते तू आधी खोडलं असतंस. फोनही केला नाही. गेल्या दीड वर्षात माझा आवाज ऐकला की तुझ्याकडची लाइन नेमकी तुटते. पत्राचं तसं नसतं. फाडायचं म्हटलं तरी आधी हातात घ्यावं लागतं, आणि हातात घेतलं की तू वाचणारच. तू तर पुडीचा कागदसुद्धा वाचल्याशिवाय टाकत नाहीस.

मी मजेत आहे. भावजींनी विचारलं तर हेच सांग. शिकाऊपण संपलं, आता क्रेनवर मी एकटी बसते. खाली इमारत मजल्यामजल्यानं वर येतेय आणि तिच्याही डोक्यावर माझी केबिन. समोर काच, बाजूंना काच, पायाखालीसुद्धा काच. दोन हातांत दोन दांडे. एकानं क्रेनचा अख्खा हात फिरतो, दुसऱ्यानं हुक वर-खाली होतो. सळयांचा भारा असो की काँक्रीटची बादली, म्हणतील तिथे अशी टेकवते की खालच्या पोरांना धप्प आवाजसुद्धा येत नाही. साइटवर मला 'घार' म्हणतात. आधी चेष्टेनं म्हणायचे, आता नुसतंच म्हणतात. खालून वॉकीटॉकीवर मला इशारे देणारा एक आहे, त्याचं नाव पडलंय 'भोंगा'. खरं तर त्याला वॉकीटॉकीची गरजच नाही.

आईच्या मागे तू मला वाढवलंस, पंख्याखालची कारकुनाची खुर्ची मिळवून दिलीस आणि मी ती सोडून लोखंडाच्या शिडीवर चढले. तुझा राग तुझ्यापाशी. मी वाद उकरायला लिहीत नाहीये.

काम वेगळंच आहे. इथे माझी एक मैत्रीण आहे, कामावरचीच. तिचं पोट साफ होत नाही. म्हणजे होतच नाही. सकाळी जाऊन बसते, घामाघूम होते आणि तशीच उठते. पोट दगडासारखं, तोंडाला चव नाही, कुणी 'कशी आहेस' विचारलं तरी अंगावर धावून जाते. औषधवाल्याकडच्या जुलाबाच्या गोळ्या घेते. आधी एकीनं भागायचं, आता दोन घेतल्या तरी नुसतं पोट पिळवटतं. शाळेत असताना मलाही असंच व्हायचं आणि तू काहीतरी भिजवून द्यायचीस. ते काय होतं, एवढंच कळव. माझ्याशी बोलायचं नसेल तर बोलू नकोस. तिचा बिचारीचा काय दोष?

धाकटी


२ मार्च

ताई,

तुझं कार्ड मिळालं. मायना नाही, सही नाही, पण अक्षर तेच, दाबून लिहिलेलं, मागच्या बाजूला उमटणारं. दिवसभर खिशात होतं.

'तुझ्या त्या मैत्रिणीला सांग, रात्री मनुके भिजत घालून सकाळी पाण्यासकट खायचे. फळं खायची, सालीची असतील तर सालासकट. भाज्या, डाळी, कोंडा न चाळलेलं पीठ. मैदा बंद. नाहीच भागलं तर इसबगोल, पण भरपूर पाण्याबरोबर. ती दिवसाचं पाणी किती पिते ते विचार. आणि कळ आली की जाते, की रोखून धरते, तेही विचार. लाजू नको म्हणावं. अवघड जागी दुखणं आणि जावई वैद्य, असं करून ठेवू नये.'

विचारलं मी तिला.

पाणी ती पीत नाही. सकाळी चहा, दोन घोट पाणी, की मग संध्याकाळपर्यंत काही नाही. मुद्दामच. कारण प्यायलेलं पाणी आत राहत नाही, आणि तिच्या जागेवरून खाली यायचं म्हणजे एक शिडी, मग दुसरी, मग तिसरी, उतरताना हात भरून येतात आणि परत चढायचं ते वेगळंच. बरं, उतरून जायचं कुठे? संडास एकच, फाटकाजवळ, पुरुषांचा. दाराला कडी नाही. बाहेर कायम तीन-चारजण सिगारेट ओढत उभे. तिनं मुकादमाला एकदा सांगून बघितलं. तो म्हणाला, 'घरून उरकून यायचं.' जशी काही कळ म्हणजे घरची भांडी, निघण्याआधी उरकायला! सकाळी घाईत ती येत नाही. येते ती कामाला सुरुवात झाल्यावर, नेमका हुकला भार असताना. म्हणजे, तिच्या हातात काम असताना. मग ती दाबते. दात आवळून, पाय आवळून. थोड्या वेळानं कळ निघून जाते, दारातून परत पाठवलेल्या पाहुण्यासारखी. असं रोज केल्यावर कुठला पाहुणा परत येईल?

खाणं विचारशील तर बिस्किटं, पाव, पुन्हा बिस्किटं. एका हातानं खाता येतात. दिवसभर एका जागी बसून पाठ धरते म्हणून दुखण्याच्या गोळ्या घेते, त्याही जबरी. एवढंच. बाकी ती धडधाकट आहे.

इसबगोलचं पाकीट तिनं आजच आणलंय. 'भरपूर पाण्याबरोबर' हे तिनं वाचलं. बघू म्हणाली.

तू चौकशी केलीस, तिला बरं वाटलं.

धाकटी


२१ मार्च

ताई,

मैत्रीण वगैरे कुणी नाही. तुला पहिल्याच ओळीत कळलं असणार. तुला न कळलेलं माझं काही आजवर झालंय का?

आता बरी आहे, हे आधी वाच. मग पुढचं.

इसबगोल घेतलं, पण पाणी तेवढंच ठेवलं. दोन घोट. वर बसून पाण्याची भीती काही सुटेना. दोन-दोन चमचे पोटात ढकलत राहिले आणि ते आत जाऊन फुगत राहिलं. गेल्या गुरुवारी, जेवणाच्या सुट्टीच्या जरा आधी, हुकला सळयांचा भारा होता आणि पोटात असा पीळ पडला की कुणीतरी ओलं फडकं पिळावं तसा. डोळ्यांपुढे अंधारी. हात दांड्यांवर होते, ते मी हलू दिले नाहीत. वॉकीटॉकीवर भोंगा चालूच होता, 'डावीकडे घे, डावीकडे... घार? अगं डावीकडे! घार, काय झालं?'

'भारा खाली आणते. जागा मोकळी कर.'

'कुठे?'

'उचलला होता तिथेच. सगळ्यांना लांब कर.'

ताई, मी तो भारा टेकवला. घाम डोळ्यांत उतरत होता, पण सळई सळईवर वाजली नाही. मग मशीन बंद केलं आणि केबिनच्या दारातच पोट धरून बसले.

भोंगा शिडीनं वर आला. माझ्या एक पायरी खाली राहून उतरत गेला. 'खाली बघू नको. माझ्याकडे बघू नको. मी बघण्यासारखा नाही. शिडी बघ.' एरवी बारा वाड्यांना ऐकू जाणारा माणूस, त्या वेळी कुजबुजत होता.

दवाखान्यात एनिमा दिला. त्याबद्दल जास्त लिहीत नाही. तो प्रसंग सोसायचा असतो, सांगायचा नसतो. डॉक्टरीणबाई फटकळ आहेत. पोट दाबून झालं, रक्त तपासून झालं, मग खुर्ची ओढून समोर बसल्या.

'आजार काही नाही तुला. तूच तुझ्या आतड्याला काम करू देत नाहीस. पाणी नसलं की आतडं मळातलंसुद्धा पाणी शोषून घेतं. मग राहतो खडा. त्यात रोज रोखून धरायचं. त्यात मैदा. त्यात दिवसभर बैठक. त्यात या पाठीच्या गोळ्या, या तर आतड्याला झोपवतात. आणि वर कोरडं इसबगोल! तुंबलेल्या मोरीत भुसा टाकतं का कुणी?'

मी म्हटलं, 'मग करू काय?'

'पाणी. दिवसभर, थोडं-थोडं. फळं-भाज्या हळूहळू वाढव, एकदम ढीग खाशील तर नुसती फुगशील. रोज चाल. न्याहारी झाली की जाऊन बस. पोटात अन्न पडलं की आतडं आपणहून हलतं, तेव्हा त्याला वेळ दे, कुंथू नकोस. पाठीसाठी मी दुसरं देते. जुलाबाच्या गोळ्या मनानं घ्यायच्या नाहीत. आणि रक्त पडलं, वजन उतरायला लागलं, उलट्या झाल्या, तर मनुके भिजवत बसू नकोस, सरळ इकडे ये.' मग चिठ्ठी लिहिता लिहिता थांबल्या. 'औषध मी लिहून देईन. पण तुझ्या कामावर संडास मला लिहून देता येत नाही.'

आज कामावर गेले तर साइटचे साहेब वाटच बघत होते. 'मी आधीच म्हणत होतो. बाईमाणसाच्या शरीराला झेपणारं काम नाही हे.' क्रेनवर एक जुने चालक आणून बसवलेत, सगळे त्यांना काका म्हणतात. मला खाली कोठीत टाकलंय, हेल्मेटं आणि हातमोजे वाटायला. पंखा आहे, ताई. खुर्चीपण आहे. तुला हवी होती तशी.

लिहायला बसले तेव्हा रडायचं नाही असं ठरवलं होतं. क्रेनचा आवाज कोठीपर्यंत येतो. काका चांगले चालवतात, पण वळताना झटका देतात.

धाकटी


८ एप्रिल

ताई,

'अगं ठमे' वाचलं आणि पुढचं दिसेना. ठमी म्हणून हाक मारणारं कुणी उरलं नव्हतं मला.

पार्सल आलं. अंजिरं पोचली, आणि भावजींनी केलेलं ते बुटकं स्टूलही. आधी मला कळेना, मी एवढी मोठी घोडी, हे कुणाच्या बसायला? मग तुझी चिठ्ठी सापडली: 'हे बसायला नाही, पाय ठेवायला आहे. संडासात बसशील तेव्हा पाय यावर, गुडघे कमरेच्या वर आले पाहिजेत, अंग जरा पुढे. वाट सरळ होते. भावजी विचारत होते, उंची किती ठेवू. मी म्हटलं, ठेवा तुमच्या मेहुणीच्या अकलेएवढी. म्हणून बुटकं झालंय.'

आणि त्याखाली ते दुसरं वाक्य: 'क्रेनवर बसलीस म्हणून मी रागावले नव्हते. पडशील म्हणून घाबरले होते. मला दोन्ही सारखंच करता येतं.'

ते मी किती वेळा वाचलं ते विचारू नकोस.

आता बातमी ऐक. कोठीत बसून एक झालं, पाणी पिता आलं, कारण इथून मधे घरी जाऊन येता येतं. घरून मोठी बाटली आणते. सकाळी उठल्यावर कोमट पाणी, अंजीर, कोंड्याचा पाव, पपई, मग कॉलनीला एक फेरी. आणि आल्यावर भावजींचं स्टूल. पहिले काही दिवस नुसतीच बसून भिंतीवरच्या फरशा बघून उठायचे. कुंथायचं नाही, डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं. काल सकाळीही तशीच बसले होते, मनात दुसरंच चाललं होतं, दुधाची पिशवी विसरली म्हणून, आणि ताई, झालं! जोर नाही, घाम नाही, गोळी नाही. गंगेत घोडं न्हालं! मी बाहेर आले ती जिन्यानं उड्या मारत उतरले. शेजारीण भेटली, म्हणाली, 'चेहरा काय फुललाय! लग्नबिग्न ठरलं की काय?' म्हटलं, 'त्याहून मोठं झालंय.'

आज पुन्हा झालं. म्हणजे नशीब नव्हे.

पण आणखी एक गोष्ट दिसली, आणि ती मला वरून कधीच दिसली नसती. वरून सगळ्या बायका हेल्मेटचे ठिपके असतात. खाली आल्यावर त्यांच्याबरोबर जेवायला बसते. फरशी बसवणारी आहे, सिमेंट कालवणाऱ्या दोघी जावा आहेत, झाडू मारणाऱ्या मावशी आहेत. भर उन्हात सगळ्यांमध्ये पाण्याचा एकच तांब्या फिरतो, आणि जी ती नुसते ओठ ओले करून पुढे देते. मी म्हटलं, 'प्या की!' तर सगळ्या माझ्याकडे बघून हसल्या. मावशी म्हणाल्या, 'पिऊन जाऊ कुठे? बाईचं पोट म्हणजे गोदाम असतं गं. येईल ते आत ठेवायचं आणि वरून कुलूप लावायचं.' फरशीवाली मूळव्याधीनं बेजार आहे. ती दिवसभर उकिडवी बसून काम करते. थोरली जाऊ संध्याकाळी घरी पळत जाते आणि दारातच लुगडं... जाऊ दे. मला वाटत होतं, हे माझ्या एकटीचं दुखणं आहे, उंचावरचं.

मी साहेबांकडे गेले. म्हटलं, 'बायकांसाठी संडास पाहिजे. आणि क्रेनवर बसणाऱ्याला मधे उतरायला सुट्टी.'

साहेब म्हणाले, 'इतकी वर्षं कुणाची तक्रार नाही.'

'कारण सगळे आवळून बसलेत, साहेब.'

ते त्यांना झोंबलं. येत्या सोमवारी कंपनीच्या मोठ्या इंजिनियरबाई येणार आहेत, क्रेनवर मला ठेवायचं की काढायचं ते त्या ठरवणार. साहेब त्यांना सांगणार, प्रकृतीच्या कारणानं बाई नालायक. प्रकृतीचं कारण काय, ते मात्र साहेबांना तोंडानं म्हणवत नाही. 'ते... आपलं... ते,' म्हणतात.

ठीक आहे. मला म्हणवतं.

ठमी


१४ एप्रिल

ताई,

घाईत लिहितेय, अक्षराकडे बघू नकोस.

सोमवारी सकाळी साइटवर सगळे गोल करून उभे राहतात, हेल्मेट घालून, आणि आठवड्यात कुठं काय धोक्याचं काम आहे ते सांगतात. शेवटी साहेब विचारतात, 'कुणाला काही अडचण?' आणि उत्तराची वाट न बघता 'चला' म्हणतात. आज शेजारी मोठ्या इंजिनियरबाई उभ्या होत्या, म्हणून त्यांना जरा थांबावं लागलं. तेवढ्यात मी हात वर केला.

काल आरशासमोर मी छान शब्द जुळवले होते. 'आरोग्यविषयक सुविधा' वगैरे. तोंडातून निघालं ते असं:

'मला संडासला होत नव्हतं.'

मग मागे कुणीतरी फिस्सकन हसलं आणि ते हसू पसरत गेलं. कान तापले माझे. एकदा वाटलं, बस, खाली बसावं. पण हुकला भार असताना हात सोडत नाहीत, त्या सवयीनं मी बोलत राहिले. म्हटलं, 'हसून घ्या. गेल्या महिन्यात तुमच्या डोक्यावर सळयांचा भारा होता आणि माझ्या पोटात पीळ पडला होता. मी आजारी नव्हते. मी पाणी पीत नव्हते, कारण इथे जायला जागा नाही. तहान मारली, कळ मारली, रोज. असं कुणाचंही पोट बंद पडेल. त्या दिवशी माझा हात सुटला असता, तर आज हसायला कोण-कोण उरलं असतं, ते आपापलं बघा.'

हसणं थांबलं. साहेब म्हणाले, 'म्हणूनच मी म्हणतो, बाईच्या शरीराला—'

'बाईच्या कशाला?' मागून आवाज आला. काका! माझ्या जागी बसलेले, पांढऱ्या मिशांचे, मला कधी 'ये' म्हणाले नाहीत की 'जा' म्हणाले नाहीत. पुढे आले आणि हेल्मेट काढलं. 'साहेब, मी आयुष्य काढलं केबिनमध्ये. बाटली घेऊन चढतो, ती एका कामाला. दुसऱ्या कामाचं काय? तेच, आवळून धरायचं. मूळव्याधीचं ऑपरेशन झालंय माझं, बायकोशिवाय कुणाला माहीत नव्हतं. आज तुम्हाला सांगितलं. ही पोरगी बोलली ते मी तिच्या वयाचा असताना बोलायला पाहिजे होतं.'

मग फरशीवाली म्हणाली, 'मलाही आहे.' मग धाकटी जाऊ, मग सळया बांधणाऱ्यांतला एकजण, मान खाली घालून. मावशींनी तर झाडूच वर केला. आणि भोंगा, त्याच्या त्या आवाजात, फाटकाबाहेरच्या रस्त्याला ऐकू जाईल असा ओरडला, 'मलापण कधीकधी!' तेव्हा जे हसू फुटलं, ते निराळं होतं. त्यात मीही होते.

मोठ्या इंजिनियरबाई हसल्या नाहीत. त्यांनी साहेबांना एवढंच विचारलं, 'बायकांचा संडास कुठे आहे?'

साहेब म्हणाले, 'आपलं ते... ठरवायचं चाललंय.'

'मी आता इथे आले, मला जायचंय. मी कुठे जाऊ?'

ताई, साहेबांनी फाटकाजवळच्या त्या बिनकडीच्या दाराकडे बघितलं. बाईंनीही बघितलं.

निकाल ऐक. खाली बायकांसाठी वेगळा संडास, कडीचा, पाण्याचा, दिव्याचा. दुसरा वर, क्रेनचा खांब इमारतीला जिथे बांधलाय त्या मजल्यावर, म्हणजे केबिनमधून एकच शिडी उतरली की आला. सकाळी आणि दुपारी काका किंवा मी, एकमेकांना सोडवायला. आणि क्रेनवर मी. उद्यापासून!

साहेब जाताना माझ्याजवळ थांबले. मला वाटलं, आता बोलणी खावी लागणार. तर इकडेतिकडे बघून हळूच म्हणाले, 'पोटासाठी अंजिरं... किती घ्यायची असतात?'

ठमी


१७ मे

ताई,

काल फोनवर 'मग तो उडाला' एवढं मी म्हटलं आणि तू जी हसत सुटलीस, की भावजींनी फोन घेऊन 'नंतर कर गं बाई, हिला ठसका लागलाय' म्हणून ठेवून दिला. म्हणून लिहून सांगते. आता सावकाश वाच, आणि तोंडात घास ठेवू नकोस.

दोन्ही संडास शनिवारी ट्रकवरून आले. तयार खोल्याच असतात त्या, प्लास्टिकच्या, दार-कडीसकट. एक खाली ठेवला. दुसरा वर न्यायचा, तो जिन्यानं थोडाच जाणार? क्रेननंच जाणार. आणि क्रेनवर कोण?

काका म्हणाले, 'मी चढवू का? तुला बरं वाटेल ना?' मी म्हटलं, 'काका, हा भार दुसऱ्या कुणाला उचलू देणार नाही.'

भोंग्यानं पट्टे आवळले, दाराला बाहेरून दोर बांधला, वाऱ्यानं उघडू नये म्हणून, आणि वॉकीटॉकीवर म्हणाला, 'घार, माल तयार. माल काय, राजवाडाच आहे!' मी हुक हळूहळू वर घेतला. जमीन सुटली. निळा संडास, ताई, निळ्या आभाळात! खाली काम थांबलं. सिमेंट कालवणाऱ्या जावा थांबल्या, मजल्यांच्या कडांशी माणसं आली, समोरच्या कचेरीच्या खिडक्या उघडल्या. एवढी वर्षं जे सगळे लपवत आले, ते मी सगळ्या गावाच्या देखत उचलून फिरवत होते. वारा होता थोडा. खोली एकदा गिरकी घ्यायला लागली, मी क्रेनचा हात थांबवला, तिला शांत होऊ दिलं, मग पुढे नेली. भोंगा बोलत होता, 'जरा अलीकडे... अजून... घे खाली... घे... घे...' आणि मी ती टेकवली, जिथे खडूची खूण होती बरोबर तिथे. आवाज नाही. मग जो आवाज झाला तो खालून! हेल्मेटं उडाली, कुणी पत्रे वाजवले, मावशींनी बादली बडवली. साहेबसुद्धा टाळ्या वाजवत होते, आपण वाजवतोय हे कुणी बघत नाही ना, असं बघत बघत.

केबिनमध्ये मी एकटी होते, म्हणून मोठ्यांदा ओरडून घेतलं. वॉकीटॉकी चालू होता, हे नंतर कळलं.

आता माझं ठीक चाललंय. डबा घेऊन चढते, पेरू, काकडी, उसळ, पाण्याची बाटली. सकाळी काका सोडवायला येतात तेव्हा उतरून पाय मोकळे करते. रोजचं रोज होतं. एखादा दिवस चुकला तर घाबरत नाही, पाणी वाढवते, चालते. कळ आली की काकांना सांगते. त्यांना कळ आली की ते मला सांगतात. पूर्वी आम्ही हवापाण्याचंही बोलत नव्हतो.

पण मला तुला सांगायचं होतं ते वेगळं. आज दुपारी ऊन रणरणत होतं. हुक रिकामा होता, म्हणून पायाखालच्या काचेतून खाली बघत बसले. जेवणाची सुट्टी झाली. बायका नळाशी आल्या. थोरल्या जावेनं तांब्या भरला, मान मागे टाकली आणि उभ्या-उभ्या अख्खा तांब्या पोटात रिचवला. मग दुसरा. मग फरशीवालीनं, मग मावशींनी. कुणी कुणाला ओठ ओले करून पुढे दिला नाही. पाणी हनुवटीवरून, गळ्यावरून ओघळत होतं आणि त्या हसत होत्या. एवढ्या उंचावरून चेहरे दिसत नाहीत, पण हसताना माणूस हलतो ते दिसतं.

भर दुपारी, सगळ्यांच्या देखत, पोटभर पाणी. मी बाटली उघडली आणि वरून त्यांच्याबरोबर प्यायले.

भावजींना नमस्कार, तुला नमस्काराऐवजी एक घट्ट मिठी.

तुझी,
ठमी